भाजीतली पूड आणि दसऱ्याची सुपारी

«ताई, मला तू म्हणा, बरं वाटेल. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, तालुक्याचं. लग्नाला ११ वर्षं झाली, दोन मुलं आहेत. माझा धाकटा दीर २८ वर्षांचा. दहावीनंतर पाव्हण्यांबरोबर गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, कामाला दक्षिणेत गेला, २०२० च्या लॉकडाऊनला परत आला आणि इथंच राहिला. आता बाग बघतो म्हणायचं. रोज दोन क्वार्टर तरी लागतात. सकाळी नाइंटी पोटात गेल्याशिवाय हाताला कप धरवत नाही. आषाढात सासऱ्यांनी त्याला बेदाण्याच्या खोलीत दोन दिवस कोंडलं, तर फिट आली. रात्री भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणून ओरडायला लागला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बाहेरचं आहे म्हणाल्या आणि देवऋषी बोलावला. हल्ली तो जिमलाही जातो. गाडीच्या डिकीत मला इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या, नाव उतरवून पाठवते.

गेले तीन आठवडे मी त्याच्या भाजीत एक पूड मिसळते. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात आहे, तिथून मागवली. दोनदा तो खूप ओकला, तोंड लालबुंद झालं. आत्या म्हणाल्या, औषध लागू पडलं.

दसऱ्याला त्याची सुपारी फोडायची ठरलीय, तुळशीचं लग्न झालं की लग्नाचा बार. मुलगी शेजारच्या तालुक्यातली, बी.एस्सी. झालेली. तिच्या घरी ‘कधीमधी घेतो’ एवढंच सांगितलंय. मला तिचा फोटो बघवत नाही. हे म्हणतात, लग्न झालं की जबाबदारी कळेल. हे पण शनिवारी मित्रांबरोबर बसतात, पण प्रमाणात. दीर मनाने वाईट नाही, मुलांवर जीव आहे त्याचा. माझ्या मोठ्याला, तो ९ वर्षांचा, टपरीवर ग्लास आणि शेंगदाणे आणायला पाठवतो. ताई, मी त्या मुलीला सांगू का? सांगितलं तर या घरात मी कुठं राहू?
— एक वहिनी»

तुझा शेवटचा प्रश्न मोठा आहे आणि त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी पुडीचं, कारण ती रोज दोन वेळच्या जेवणातून जातेय. ती आजपासून बंद कर. हे वाचताना भाजी गॅसवर असेल तर याच जेवणापासून.

अशा पुड्यांवर आत काय आहे ते छापलेलं नसतं. पण तू लिहिलंयस तसं, दारू प्यायल्यावर तोंड लाल होणं आणि भडभडून ओकणं, हे डायसल्फिराम पोटात गेलेल्या माणसाचं चित्र आहे. हे औषध खोटं नाही. १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या दोन संशोधकांनी जंतांवर उपाय शोधताना ते स्वतःवर घेऊन पाहिलं, नंतर दारू प्यायले आणि आजारी पडले, तेव्हा त्याचा हा गुण कळला. दारू शरीरात गेली की तिचं आधी एका विषारी पदार्थात रूपांतर होतं आणि मग तो पदार्थ मोडला जातो. डायसल्फिराम ते मोडणंच अडवतं. विष साठतं. म्हणून तोंड लाल, छाती धडधडते, ओकारी, रक्तदाब खाली. कधी इतका खाली की माणूस उठत नाही.

मी ज्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होते, तिथं आम्ही हीच गोळी शेकडो लोकांना दिलेली आहे. पण कशी? माणूस शुद्धीत असताना, त्याच्या लिव्हरची आणि हृदयाची तपासणी करून, त्याला सगळं समजावून, त्याची सही घेऊन. खिशात कार्ड ठेवायला द्यायचं की मी हे औषध घेतो. बायको किंवा आई रोज सकाळी समोर पाण्याबरोबर द्यायची, त्याने हात पुढे करून घ्यायची. त्या हात पुढे करण्यात निम्मा उपचार असतो. ज्याला माहीतच नाही की आपण काय खाल्लंय, तो रात्री नेहमीसारखा बारमध्ये जाऊन बसणार आणि मोटरसायकलवरून परत येताना कुठल्यातरी ओढ्याच्या पुलावर त्याला घेरी येणार. तू त्याचं भलं करायला गेलीस हे मला दिसतंय. पण उद्या काही झालं तर पोलिसांच्या कागदावर जाहिरातवाल्याचं नाव येणार नाही, ज्या हाताने भाजी वाढली त्या हाताचं येईल. सासूबाई तेव्हा काय म्हणतील, ते तूच सांग.

आता अवघड भाग. या औषधाचा अंमल शेवटच्या डोसानंतरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणजे आज पूड बंद केलीस तरी पंधरवडाभर धोका आहे. त्यामुळे त्याला सांगावं लागेल. तू एकटीने सांगायचं नाही. तुझ्या नवऱ्याने सांगायचं, सकाळी, तो त्यातल्या त्यात ताळ्यावर असताना, घरातल्या सगळ्यांसमोर: ‘आम्ही तुला न सांगता औषध देत होतो, चुकलं, आता देत नाही, डॉक्टरकडे चल.’ तो चिडेल, ताट भिरकावेल कदाचित. चिडायचा त्याला हक्क आहे. आणि उरलेली पूड फेकू नकोस. डब्यासकट डॉक्टरांना दाखवायला पिशवीत ठेव.

बाटल्यांबद्दल. तू उतरवून पाठवलेलं नाव मेफेंटरमाइनचं आहे. ऑपरेशनच्या वेळी पाठीत भूल दिली की काही जणांचा रक्तदाब एकदम उतरतो, तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन देतात. ते ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये असायला हवं, ते ॲक्टिव्हाच्या डिकीत आलंय. इचलकरंजीपासून सोलापूरपर्यंत जिममधल्या पोरांना ते दम वाढतो, थकवा जातो म्हणून विकलं जातं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. छाती धडधडते, झोप उडते, पुढे पुढे माणूस संशयी होतो, आपल्यामागे कुणीतरी लागलंय असं वाटायला लागतं. आणि मग झोपेसाठी पुन्हा दारू. आता हिशेब मांड: एक औषध रक्तदाब वर ढकलतं, दारूवर पडलेली तुझी पूड खाली ओढते, आणि मध्ये हृदय एकच. शिवाय सुई एकमेकांची वापरली असेल तर एचआयव्ही आणि कावीळ बी, सी यांची तपासणी हवी. एचआयव्हीची तपासणी ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, मोफत होते, नाव फुटत नाही.

गावात नशेच्या पावडरचीही चर्चा असेल. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमधून मेफेड्रोनचा, म्हणजे एमडीचा, मोठा साठा पकडला तेव्हापासून सांगलीत हा विषय कुणाला नवा राहिलेला नाही. दीर त्यातही असेल अशी भीती वाटत असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका. पोलिसांच्या धास्तीने लोक दवाखान्यात येत नाहीत. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ मुद्दाम ठेवलंय: जो व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला येतो आणि ते पुरे करतो, त्याच्यावर सेवनाबद्दल किंवा थोडा माल जवळ बाळगल्याबद्दल खटला चालवत नाहीत. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

आषाढातल्या त्या दोन रात्रींबद्दल सासूबाईंना हे वाचून दाखव. दारू मेंदूला सुस्त करते. रोज सुस्ती यायला लागली की मेंदू तितक्याच जोराने उलट्या बाजूला ओढायला शिकतो, रस्सीखेच असते तशी. पंधरा-वीस तास दारू मिळाली नाही म्हणजे एका बाजूच्या गड्यांनी दोर सोडून दिला, दुसऱ्या बाजूचे धाडकन मागे पडणारच. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, मुंग्या, साप, मेलेली माणसं दिसतात, दिवस की रात्र ते कळत नाही, ताप चढतो. आमच्या वॉर्डातली पोरं या सगळ्याला ‘टर्की’ म्हणायची. शेवटच्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. तुमच्या दिरावर बाहेरचं काही नव्हतं. जे होतं ते आतलं होतं, आणि तो त्यातून वाचला हे त्या खोलीचं किंवा देवऋष्याचं श्रेय नव्हे.

तेव्हा पुन्हा कोंडू नका. ‘आजपासून एक थेंब नाही’ असं घरच्या घरी फर्मान काढू नका. दारू तोडायची ती दवाखान्यात, दाखल करून, पाच ते सात दिवस औषधांच्या आधाराने. आणखी एक, गावच्या डॉक्टरांचा मान ठेवून सांगते. ‘सलाईन लावून दारू उतरवतो’ हा प्रकार नको. रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, फार कमी असतं. ते आधी न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. घेतलंच सलाईन, तर ‘थायमिन दिलं का’ एवढं विचारायला लाजू नकोस.

कुठं न्यायचं? सगळ्यात जवळ म्हणजे मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, मानसोपचार विभाग. ओपीडीला सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, फिट आली होती हे पहिल्या वाक्यात सांगा. दारू अंगातून निघाली म्हणजे उपचार संपला असं मात्र नाही. खरं काम तिथून पुढं. त्यासाठी साताऱ्याचं परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. पुण्याचं मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथं सुमारे पाच आठवडे राहावं लागतं आणि घरच्यांनाही बोलावतात. जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, दोन्ही फुकट, १४४१६ वर मराठीत बोलता येतं. आज दुपारी घरात कुणी नसताना फोन कर. पेशंटनेच करायला हवा असं काही नाही.

कुणीतरी तुमच्याकडे ‘रात्री गाडी पाठवतो, चार माणसं येऊन उचलून नेतील’ असंही सांगेल. सांगितलंच असेल. तसल्या ठिकाणी पाठवण्याआधी विचारायचं: नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, आम्हाला त्याला भेटू देणार का. तिसऱ्या प्रश्नाला ‘दोन महिने भेट नाही’ असं उत्तर आलं तर फोन ठेव. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे आणि अमली पदार्थांमुळे झालेली आजारपणंही धरलेली आहेत, आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणं बंद केलंय. तो नाहीच म्हणत असेल आणि जीव धोक्यात असेल तर नातेवाइकांच्या अर्जावर दाखल करण्याची सोय त्याच कायद्यात आहे, पण दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांनी तपासून आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस. म्हणजे कायदेशीर वाट आहे. अंधारातल्या गाडीची गरज नाही.

‘छाटणी तोंडावर आहे, ती झाली की बघू.’ हे तुझ्या पत्रात नाही, पण तुमच्या घरात कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच लिहून ठेवते. ऑक्टोबरची छाटणी झाली की डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, येईल, मग थंडी, मग माल, मग बेदाणा. द्राक्षबागेला रिकामा महिना असतो का? आणि खरं सांग, गेल्या वर्षी छाटणी कुणी केली? तो असून नसून बाग तुझ्या नवऱ्याने आणि मजुरांनीच काढली असणार.

माळेचंही कुणी सुचवेल: पंढरपूरला नेऊ, तुळशीची माळ घालू. मी माळेला हसत नाही. नोकरीच्या काळात मी अशी माणसं पाहिलीत जी माळ घातल्यावर खरंच सुटली. त्याचं कारण मला असं वाटतं की माळेबरोबर माणसं येतात. रोजचा हरिपाठ, सप्ताह, संध्याकाळी सातला बसायला बारऐवजी दुसरी जागा, आणि ‘काल आला नाहीस’ असं विचारणारं कुणीतरी. दारू सोडलेल्या माणसांच्या गटाच्या, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगमध्ये याहून वेगळं काय असतं? पण माळेने फिट थांबत नाही. आधी मिरज, मग पंढरपूर, हा क्रम धरा. आपल्या गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले आणि बाबा जन्मभर कीर्तनातून दारूवर आसूड ओढत राहिले. त्यांनीसुद्धा कुणाला नकळत पूड चारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता मुलगी.

लग्न हे दारूवरचं औषध असतं तर माझ्या वॉर्डात लग्न झालेला एकही माणूस दिसला नसता. बहुतेक सगळे लग्न झालेलेच होते, आणि बाहेर बाकड्यावर त्यांच्या बायका बसलेल्या असायच्या. पण नुसतं असं म्हणून मला सुटता येणार नाही, कारण तुमच्या घराची अडचण खरी आहे. बागायत असली तरी शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. तिशी ओलांडलेली पोरं वाड्यावस्त्यांवर रांगेने बसलीत. गलाईला गेलेल्याला एके काळी मुली मिळायच्या, कारण सोन्याचा धंदा, तो परत आला आणि तेही संपलं. अशात शिकलेल्या मुलीचा होकार आला तर कुठल्या आईच्या तोंडून खरं निघेल? सासूबाई दुष्ट आहेत म्हणून हे चाललेलं नाही. त्या घाबरल्यात. पण त्यांची भीती त्या मुलीच्या पदरात बांधायची, हे नाही चालायचं.

मी २६ वर्षं सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते. डॉक्टर औषध लिहायचे आणि नातेवाइकांना माझ्या टेबलाकडे पाठवायचे. नोकरीला लागून वर्ष झालं असेल-नसेल, तुझ्या दिरासारखाच एक मुलगा दाखल झाला. लग्न पंधरा दिवसांवर. त्याच्या आईने मला विचारलं, ‘बाई, पोरीकडच्यांना सांगायला लागतं का हो?’ मी म्हणाले, तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. नियमाने मी बरोबर होते. रुग्णाची माहिती आम्ही बाहेर सांगत नाही आणि सांगूही नये. पण त्या मुलाला समोर बसवून ‘तू तिला सांगितलंस का, नाही तर कधी सांगणार’ हे विचारणं माझ्याच कामात बसत होतं. ते मी केलं नाही. सोपं वाटलं नाही म्हणून केलं नाही. दोन वर्षांनी ती मुलगी कडेवर बाळ घेऊन त्याच टेबलासमोर उभी राहिली. जुना केसपेपर तिच्या हातात होता, त्यावर तारीख होती, लग्नाच्या आधीची. तिने आरडाओरडा केला नाही. ‘तुम्ही तेव्हा इथंच होता का?’ एवढंच विचारलं. मी हो म्हणाले.

म्हणून माझं उत्तर हो आहे. तिला कळलं पाहिजे, आणि सुपारी फुटायच्या आधी कळलं पाहिजे. फक्त ते तू सांगायचंस की आणखी कुणी, हे पुढच्या आठ-दहा दिवसांवर अवलंबून आहे.

पहिलं बोलणं नवऱ्याशी. रात्री मुलं झोपल्यावर, आणि शनिवारी नव्हे. त्याच्यापुढे ‘लग्न मोडा’ असं ठेवू नकोस, ‘एक वर्ष पुढे ढकला’ असं ठेव. ‘मुलाच्या तब्येतीचा उपचार चालू आहे’ हे मुलीकडच्यांना सांगण्यात नामुष्की नाही. साखर आहे, ब्लड प्रेशर आहे हे आपण सांगतोच की. वर्षच का? दारू सुटल्यावर पहिल्या काही महिन्यांतच माणसं सगळ्यात जास्त घसरतात, त्याला आमच्याकडे ‘स्लिप’ म्हणतात. त्या काळात नवीन नवरीची जबाबदारी, हळदी, पाव्हणे, मित्रांच्या पार्ट्या हे सगळं डोक्यावर घेणं म्हणजे त्याच्यावरही अन्याय. आपल्याकडे वरातीत काय चालतं ते मी तुला सांगायला नको. स्वतःच्या लग्नात नवरदेव कोरडा राहायचा म्हटलं तर मित्रच सोडत नाहीत.

दुसरं, दिराला स्वतःला सांगायची संधी. दाखल होऊन आठ-दहा दिवस झाले की डोकं स्वच्छ होतं. त्या वेळी तिथल्या समुपदेशकांसमोर हा विषय काढायला सांगा. तुला आश्चर्य वाटेल, पण मी पाहिलंय, घरचे लपवत असतात आणि तो मात्र ‘तिला सांगून टाका, मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटते’ म्हणतो. मनाने वाईट नाही असं तूच लिहिलंयस.

आणि तिसरं. नवऱ्याने ऐकलं नाही, सुपारीची तारीख हलली नाही, दीर दवाखान्याला गेला नाही, तर तू सांग. निनावी फोन नको, व्हॉट्सॲप नको, तिच्या भावाला तर नकोच, त्यातून मारामाऱ्या होतात. त्या मुलीलाच भेट किंवा तिच्याशी बोल, तुझं नाव सांगून. ‘दारुडा आहे’, ‘वाया गेलाय’ असलं काही बोलू नकोस. डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं: रोज घेतो, सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर राहत नाही, आषाढात फिट आली, इंजेक्शनच्या बाटल्या सापडल्या, उपचार अजून झालेला नाही. एवढं बोलून थांब. लग्न करायचं की नाही हे तिचं तिला ठरवू दे. ती ‘तरी करते’ म्हणाली तर तोही तिचा अधिकार, तुझं काम झालं. तिला हवं तर एवढं सांग की महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून मिळवलेल्या संमतीवर झालेलं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली रद्द करून मागता येतं, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. कोर्टाची पायरी चढून मिळणाऱ्या त्या मोकळिकीपेक्षा दसऱ्याआधी दहा मिनिटांचं बोलणं स्वस्त आहे.

‘या घरात मी कुठं राहू?’ या प्रश्नाला गोड उत्तर माझ्याकडे नाही. वादळ होईल. ‘दिराचं लग्न मोडलं’ हे तुझ्या नावावर बरीच वर्षं राहील, हळदीकुंकवाला ऐकू येईल. तयारी ठेव. माहेरी एका तरी माणसाला आधी विश्वासात घे. तुझं आणि मुलांचं आधार कार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक एका पिशवीत असू दे. आणि हे माहीत असू दे की घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे तुला तिथं राहायचा हक्क आहे, उठून बाहेर काढता येत नाही. हात उगारला गेला तर ११२, महिलांसाठी १८१. हे सगळं लागेलच असं नाही. माझ्या अनुभवात अशा घरांत वादळ आठ-पंधरा दिवस घोंघावतं आणि मग एखाद्या रात्री सासू हळूच येऊन म्हणते, ‘बरं झालं गं.’ पण त्याची खात्री मी कशी देऊ?

लोकांना कळेल या भीतीबद्दल दोन ओळी. तालुक्याच्या गावात कळायचं काय राहिलंय? बारवाल्याला माहीत आहे, टपरीवाल्याला माहीत आहे, कुरिअरच्या पोराला पुडीसकट माहीत आहे. फक्त तुमच्या घरात आवाज खाली करून बोललं जातं. त्याचे परिणाम देशभर दिसतात. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ मध्ये आली, त्यात दारूच्या विळख्यात पूर्ण सापडलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचं दिसलं, आणि दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. बाकीच्यांना काय मिळतं, ते तुझ्या पत्रात आहेच: खोली, देवऋषी, पूड आणि नवरी.

याच्याच जोडीला, बारमधली उधारी कोण भागवतं? तू लिहिलेलं नाहीस, पण रोज दोन क्वार्टर आणि वर इंजेक्शनं, हातात कमाई नसलेल्या माणसाला कुठून परवडतात? तुझा नवरा भागवत असणार, घराण्याचं नाव जाऊ नये म्हणून. ते थांबवायचं. बारवाल्याला जाऊन एकदा स्पष्ट सांगायचं की यापुढची उधारी आमची नाही. जेवण, कपडे, दवाखाना, गाडीभाडं हे सगळं घरून मिळेल, रोख मात्र नाही. हे दाखल होण्याची तारीख ठरवून मगच करा. आधी केलंत तर दारू एकदम तुटेल आणि पुन्हा आषाढ.

तुझ्या नवऱ्याचं तू एका ओळीत उरकलंस, ‘पण प्रमाणात’. मी त्याच्या प्रमाणावर बोलत नाही, मला ते ठाऊक नाही. पण भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून परत येईल तेव्हा शनिवारी घरी पार्टीचा वास आला तर सगळं पाण्यात. निदान एक वर्ष त्याने ते बसणं बंद करावं. भावासाठी एवढं जमत नसेल, तर त्याच्या प्रमाणाबद्दल तेव्हा वेगळं पत्र लिही.

आणि तुझा मोठा. तो आता टपरीवर जाणार नाही, आजपासून. दिराला तू तोंडावर सांग, हे एक तुला एकटीला सांगता येण्यासारखं आहे, तुझं मूल आहे. नऊ वर्षांच्या पोराने आषाढात त्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून काय ऐकलं असेल, ते त्याला कुणी विचारलंय का? विचार. देवऋषी का आला होता हे त्याच्या डोक्यात काहीतरी पक्कं बसलं असेल. त्याला सांग, काकाला आजार आहे, मिरजेला मोठा दवाखाना आहे, तिथं आपण त्याला नेणार आहोत. ‘मी ग्लास आणून दिला म्हणून काका आजारी पडला का?’ असं तो कदाचित विचारेल. मुलं विचारतात. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्यासमोर बस आणि नाही म्हण.